दुसऱ्याच्या नावाने दिलेला शब्द

आमच्या घरात जेवताना देशाच्या गोष्टी निघत. आईला ते आवडत नसे. "पानावर बसलात की आधी जेवा, देश काही पळून जात नाही," असं ती म्हणायची. पण स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि वडिलांना बोलल्याशिवाय घास गिळवत नसे. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, बाकी सगळे मास्तर. ते कल्याणच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. आम्ही राहायचो डोंबिवलीत, स्टेशनच्या पूर्वेला, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. पाणी विहिरीवरून आणायचं, संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसायच्या, एवढंच तेव्हाचं डोंबिवली. बाहेर पडलं की चहूकडे भातशेतं आणि पश्चिमेला खाडी.

अण्णा बेचाळीसच्या चळवळीत ठाण्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांना एक पुढारी भेटले. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. पुढे अण्णांनीच ते नाव घरात उच्चारायचं सोडलं, आणि अण्णा गेल्यावर आता मी घ्यावं असं मला वाटत नाही.

त्या पुढाऱ्यांची एक हकिगत अण्णा सांगत. त्यांच्या बराकीत मुरबाडच्या पुढच्या एका खेड्यातला तरुण होता. तापाने तो तुरुंगातच गेला. पुढारी त्याच्या उशाशी बसून होते. पुढे पुढारी आणि अण्णा एकाच दिवशी सुटले, तेव्हा फाटकाशी हार घेऊन माणसं उभी होती, मिरवणूक ठरलेली होती. पुढाऱ्यांनी हात जोडले, हार घालून घेतले नाहीत, आणि अण्णांना म्हणाले, "मास्तर, चला माझ्याबरोबर." दोघे कल्याणला आले, तिथून मुरबाडची मोटार धरली, पुढे चालत गेले. त्या पोराची आई अंगणात गोवऱ्या थापत होती. तिला सरकारी निरोप मिळाला होता, पण नीट कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "शेवटाला जेवला होता का?" पुढारी म्हणाले, "नाही आई. त्याला अन्न जात नव्हतं. मी दोन घोट पाणी पाजलं, तेही बाहेर आलं."

"मी असतो तर खोटं बोललो असतो," अण्णा सांगत. "जेवला होता म्हणालो असतो. त्या माणसाने तेवढंही खोटं सांगितलं नाही. म्हातारी रडली, पण तिला खरं काय ते कळलं. देशाचं काही बरं करायचं असेल तर असलीच माणसं लागणार. वाईट बातमी स्वतः जाऊन सांगणारी."

मी ही हकिगत इतक्या वेळा ऐकली होती की तिच्यातलं अंगणही मला ओळखीचं वाटे.

देशात पहिल्या निवडणुका आल्या तेव्हा तेच पुढारी दिल्लीसाठी आमच्या भागातून उभे राहिले. अण्णांनी शाळेतून सुट्टी काढली. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, शाळा सकाळची असे. दुपारी मी अण्णांबरोबर गावागावातून हिंडायचे. मला स्वतःला मत नव्हतं, वयात बसत नव्हते. पण बायकांशी बोलायला बाईमाणूस हवं, म्हणून अण्णा मला नेत. पुष्कळ बायकांना आपण मत द्यायचं हेच खरं वाटत नव्हतं. "घरधनी देतील ते आमचंच," असं म्हणून त्या आत वळायच्या.

आम्ही कोपरच्या बाजूला, खाडीलगतच्या एका गावात जास्त गेलो. सगळी आगरी वस्ती. गावाची शेती खाडीच्या अगदी अंगाशी, आणि खाडी नि शेत यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध. भरतीचं खारं पाणी त्या बांधाने अडायचं. बांध फुटला तर उभं पीक जायचंच, पण मीठ जमिनीत मुरून पुढची कितीतरी वर्षं तिथे भात येत नसे. म्हणून दर उन्हाळ्यात, शिमगा झाला की, सगळं गाव पाट्या घेऊन बांधावर माती टाकायचं. बाया, माणसं, म्हातारी, सगळी. ते कुणी सांगून व्हायचं नाही. घर शाकारतात तसं ते ठरलेलंच होतं.

त्या गावात एका घरात माझा जीव रमला. घरात नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. बाईंना मी काकी म्हणायचे. त्या पस्तिशीच्या असतील. उंच, सावळ्या, चालताना जमीन दणदणायची. त्यांचे यजमान फार कमी बोलत, पण बांधावर कुठे खेकड्यांनी भोक पाडलंय हे त्यांना घरात बसून ठाऊक असे. काकींनी मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बाय, मी मत टाकलं तं त्याना कलेल का, माजं हाय म्हनून?"

मी सांगितलं, "नाही काकी, ते गुप्त असतं. कुणालाच कळत नाही."

"मंग कशाला टाकायचं? त्याना कललंच नय तं तो माजं काम कसा करील?"

अण्णा ओटीवरून म्हणाले, "वहिनी, तुमचं मत कळलं नाही तरी तुमचं काम त्यांना कळेल. ते मी कळवीन." आणि मग त्यांनी तुरुंगाची हकिगत सांगितली. काकी चुलीपाशी बसून ऐकत होत्या. आई "जेवला होता का" विचारते तिथे त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर ती हकिगत सगळ्या गावाने अण्णांकडून ऐकली, कुणी कुणी दोनदा.

मग पुढारी स्वतः आले. थंडीचे दिवस होते, भात झोडून झालं होतं. गावाने देवळासमोर सतरंजी टाकली होती, पण ते बसले नाहीत. "आधी बांध दाखवा," म्हणाले. ओहोटी होती. धोतर वर खोचून, वहाणा हातात घेऊन ते काकींच्या यजमानांच्या मागून बांधावर चालत गेले. एके ठिकाणी खाली चिखलात उतरले आणि बांधाच्या पोटाला हात लावून पाहिला. मी एवढा मोठा माणूस इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यांच्यात दिखाऊ असं काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. त्यांना तो बांध खरोखर पाहायचा होता.

गावात एक वयस्क पाटील होते. त्यांनी विचारलं, "सायेब, आमी दर वरसाला माती टाकताव, खाडी दर वरसाला खाते. सरकार पक्का दगडाचा बांध देईल का?"

पुढारी खाडीकडे पाहत म्हणाले, "देईल. मी सांगतो, देईल. आणि हे मी एकटा सांगत नाही. हे तुमचे मास्तर इथे उभे आहेत. त्यांच्या साक्षीने सांगतो."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्या शेजारीच होते.

मतदानाला काकी नवं लुगडं नेसून आल्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, वर चित्र चिकटवलेलं. बाहेर आल्यावर त्यांनी शाई लावलेलं बोट मला दाखवलं आणि हसून म्हणाल्या, "टाकलं गो बाय. आता बगू, त्याना कलतंय का."

पुढारी निवडून आले, दिल्लीला गेले, आणि थोड्याच काळात मोठ्या जागेवर पोचले. वर्तमानपत्रात त्यांची छायाचित्रं येऊ लागली. कुठे धरणाचा पाया, कुठे परदेशी पाहुण्यांबरोबर. अण्णा वर्गात मुलांना ती दाखवत. त्यांनी खूप काम केलं, हेही मला म्हटलं पाहिजे. देशात कुठेतरी अशी गावं असतील की जिथे आज नळाला पाणी आहे, शाळा आहे, ती त्यांच्यामुळे. तिथल्या माणसांनी त्यांच्याबद्दल लिहिलं तर ते निराळं लिहितील, आणि तेही खरंच असेल.

गावात सरकारी माणसं आली. त्यांनी साखळ्या टाकून मोजणी केली, बांधाच्या कडेने चुना लावलेले खुंट ठोकले आणि गेली. पहिल्या उन्हाळ्यात गावाने नेहमीसारखी माती टाकली. दुसऱ्या शिमग्याच्या सुमाराला आणखी एक सरकारी माणूस आला आणि सांगून गेला की मोजमाप झालेलं आहे, आता बांधाला हात लावू नका, नाहीतर सगळं परत मोजावं लागेल, काम लांबणीवर पडेल.

पाटील आमच्या घरी आले. आईने चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून तसाच ठेवला. म्हणाले, "मास्तर, काय करू सांगा. माती टाकू का नको? तो मानूस नको बोलतो. पर उन्हाला सरला तं मंग हातात काय नय."

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. "हात लावू नका," ते म्हणाले. "त्यांनी शब्द दिलाय. ते होणार नसतं तर त्यांनी कळवलं असतं. मी त्यांना ओळखतो."

पाटील गेले. त्या उन्हाळ्यात गाव बांधावर गेलं नाही. मी मे महिन्याच्या सुट्टीत काकींकडे गेले तर बाया ओटीवर बसून पापड्या घालत होत्या. काकी म्हणाल्या, "या वरसाला हात दुखले नय गो. सरकारनं आराम दिला." काकींचे यजमान मात्र घरात नव्हते. बांधावर गेले होते. काम करायला नाही, नुसते बघायला. ते रोज जायचे, असं काकी म्हणाल्या.

भाद्रपदातल्या अवसेच्या उधाणाला बांध फुटला. सकाळची वेळ होती. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, भात पोटरीला आलं होतं. पाणी नेहमीपेक्षा वर चढू लागलं तसं गाव धावलं. एका जागी माती खचून खांड पडली. अशा वेळी पेंढ्याच्या मोळ्या आणि चिखल टाकून खांड बुजवतात. माणसं एकमेकांना धरून पाण्यात उभी राहतात. काकींचे यजमान सगळ्यात पुढे होते. खांड एकदम रुंदावली, पाण्याचा लोंढा आत शिरला आणि ते पायाखालच्या मातीसकट वाहून गेले. ओहोटीला ते त्यांच्याच शेतात सापडले.

आम्हाला दुपारी कळलं. अण्णा शाळेतून परस्पर तिकडे गेले, मी मागून पोचले. शेतात जिथे पाहावं तिथे मातकट पाणी, वर भाताची नुसती टोकं. काकी रडत नव्हत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "काल सांजचं घरधनी मना बोल्लं, बांधाचा रंग बदललाय, आत पानी मुरतंय. मी बोलले, सरकार बगेल, तुमी जेवा." पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. अण्णा अंगणात उभे होते. कुणी त्यांना काही म्हटलं नाही, पण कुणी बसाही म्हटलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पुढारी ठाण्याला आले. संध्याकाळी मोठी सभा होती आणि दुपारी ते सरकारी विश्रामगृहात उतरले होते. अण्णांनी पाटलांना बरोबर घेतलं, मीही गेले. बाहेर फाटकाशी शेकडो माणसं. आत निरोप गेला आणि लगेच आम्हाला बोलावणं आलं.

"मास्तर!" असं मोठ्याने म्हणत ते व्हरांड्यातच पुढे आले आणि अण्णांना त्यांनी मिठी मारली. केस बरेच पांढरे झाले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "ही तुमची मुलगी. बांधावर आली होती." पाटील खाली पायरीशीच थांबले होते. पुढाऱ्यांनी त्यांना हाताला धरून वर आणलं आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. पाटील खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"बांध फुटला, सायेब," पाटील म्हणाले. "मानूस गेला. जमीन गेली."

"मला कळलं," पुढारी म्हणाले. "फार वाईट वाटलं."

अण्णांनी विचारलं, "बांधाचं काम कधी सुरू होईल?"

पुढाऱ्यांनी पाटलांना चहा द्यायला सांगितला आणि अण्णांना घेऊन ते व्हरांड्याच्या टोकाला गेले. मी अण्णांबरोबर होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मास्तर, तुमच्याशी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "ते काम होणार नाही. मी दोनदा विषय काढला. देशात खायला धान्य नाही, सगळं बळ मोठ्या धरणांकडे लावायचं ठरलंय. खाडीचे बांध मागे पडले. माझं चाललं नाही."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

ते म्हणाले, "गेल्या उन्हाळ्याच्या आधी."

अण्णांचा आवाज चढला नाही. उलट तो इतका खाली गेला की मला पुढे झुकावं लागलं. "मग सांगितलं का नाहीत? नुसता निरोप पाठवला असतात, नाही होणार म्हणून, तर गावाने नेहमीसारखी माती टाकली असती. ते काही तुमच्यावर रागावले नसते. ते तुमच्या आधीपासून माती टाकत होते."

"मास्तर, जरा माझ्या बाजूने बघा. आत्ता कुठे ही माणसं मत द्यायला लागली आहेत. पहिल्यांदाच कुणावर तरी विश्वास टाकलाय त्यांनी. त्यांना पहिलाच शब्द 'नाही' असा ऐकवायचा? त्यांचा विश्वास उडाला असता. माझ्यावरचा उडाला तर उडू दे, पण या सगळ्यावरचाच उडाला असता."

"त्या मुरबाडच्या आईला सांगायला तुम्ही गेला होतात."

"तेव्हा माझ्याबरोबर तुम्ही एकटे होता," असं म्हणून त्यांनी फाटकाकडे हात केला. तिथली माणसं त्यांना पाहून जयजयकार करू लागली. "आता हे सगळे आहेत."

अण्णा म्हणाले, "मग आज चला. सभेच्या आधी तासभर वेळ काढा. काही देऊ नका. नुसते देवळासमोर बसा आणि मला सांगितलंत तेच त्यांना सांगा."

पुढाऱ्यांनी मागे उभ्या असलेल्या चिटणिसाकडे पाहिलं. चिटणिसाने नकारार्थी मान हलवली, तसे पुढारी म्हणाले, "आज नाही जमणार, मास्तर. पुढच्या खेपेला नक्की."

परत येऊन त्यांनी पाटलांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला गावात येतो." पाटलांचा चेहरा उजळला. "या सायेब. आमी वाट बगताव."

आम्ही सभेला थांबलो. का थांबलो ते मला अजून कळत नाही. अण्णा घरी चल म्हणाले नाहीत आणि मीही म्हटलं नाही. मैदान माणसांनी भरलं होतं. पुढारी विश्वासावर बोलले. सरकार आणि जनता यांच्यामधला विश्वास तुटला तर धरणं आणि कारखाने काय कामाचे, असं म्हणाले. ते फार चांगलं बोलले. त्यात एकही शब्द त्यांना स्वतःला न पटणारा नव्हता, हे मला मैदानात बसूनही कळत होतं. शेजारची म्हातारी माणसं डोळे पुसत होती. सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं, तेव्हा मी अण्णांकडे पाहिलं. तेही टाळ्या वाजवत होते. समोर बघत, ओठ मिटून. मी त्यांच्या मनगटाला हात लावला तेव्हा ते थांबले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "तो चोर निघाला असता तर मला झोप लागली असती."

आठवड्याने अण्णा गावात गेले. मी बरोबर होते. त्यांना वाटत होतं, जे पुढाऱ्यांनी सांगायचं ते निदान आपण सांगावं. पण पाटलांनी आधीच गावभर सांगून टाकलं होतं की साहेबांनी हाताला धरून खुर्चीवर बसवलं, चहा पाजला, पुढच्या खेपेला गावात येणार आहेत. गावाला त्या दिवसांत दुसरं आनंदाचं काही नव्हतं. माणसांनी देवळासमोर सतरंजी टाकली आणि हसून ती अण्णांभोवती बसली.

अण्णांनी सगळं सांगितलं. बांध होणार नाही. पुढाऱ्यांना हे उन्हाळ्याच्या आधीच ठाऊक होतं. ते येणार नाहीत.

मग मागून एक तरुण म्हणाला, "मास्तर, तुमीच बोल्लाव, हा मानूस खोटा बोलत नय. तुमीच बोल्लाव, मातीला हात लावू नका. आता तुमीच बोलताव, तो येनार नय. आमी तुमचा कंचा शब्द धरायचा?"

"मी चुकलो," अण्णा म्हणाले. "माझा हा शब्द धरा."

"नय," पाटील म्हणाले. ते रागावले नव्हते, समजूत घातल्यासारखे बोलत होते. "सायबानी मना जवल बसवला. तुमचं तेंच्याशी काय बिनसलं असंल, ते तुमचं तुमी बगा. आमाला त्यात नका घेऊ."

एकेक जण उठून गेला. अण्णा सतरंजीवर एकटे बसून राहिले. मी त्यांना उठवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते म्हातारे वाटले. त्या गावात ज्या माणसाने खरं सांगितलं त्याच्यावरचा विश्वास उडाला आणि ज्याने लपवलं त्याच्यावरचा टिकला. 

पुढच्या उन्हाळ्यात गावाने खांड बुजवायचा प्रयत्न केला, पण ती फार रुंद झाली होती. टाकलेली माती दोन उधाणांत गेली. शेतं पांढरी पडली, त्यांत गवतही येईना. गावातले पुरुष वीटभट्ट्यांवर जाऊ लागले. काकी मुलीला घेऊन सकाळी रेती काढणाऱ्या होड्यांवर पाट्या वाहायला जायच्या. मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचे. त्या माझ्याशी कधी वाकड्या बोलल्या नाहीत, पण अण्णा कसे आहेत असं त्यांनी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या निवडणुका आल्या. पुढारी परत उभे राहिले. अण्णा घरातून हलले नाहीत. प्रचाराला निराळे लोक होते, जीपगाड्या होत्या, भोंगे होते. पुढारी मोठ्या गावांतून बोलून गेले, खाडीकडे आले नाहीत. आता मला मत होतं. मतदानाच्या आधी मी काकींकडे गेले. त्या दारात भांडी घासत होत्या.

"काकी, मत देणार?"

"देनार ना."

"कुणाला?"

"त्यालाच."

मला राहवलं नाही. "काकी, एवढं सगळं होऊनही?"

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "बाय, मी काय येडी हाय का? तुजा बापूस खरा बोल्ला, ते मना तवाच कललं. पर दुसरा कोन हाय, सांग? दुसरा कोन या गावात आयलाय? कोनीतरी आपला हाय, असं वाटाया नको? तेवरं तरी र्‍हाऊ दे." आणि पातेल्यावर राख घालून त्या परत घासू लागल्या.

मी घरी येऊन अण्णांना हे सांगितलं. काकींना तुमचं खरं वाटलं होतं, एवढं तरी त्यांना कळावं, असं माझ्या मनात होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तिला सगळं कळतंय, आणि तरीही. मग आता मी काय शिकवू?"

पुढारी पहिल्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आले.

अण्णांनी मुख्याध्यापकांना सांगून नागरिकशास्त्राचे तास सोडले आणि भूगोल मागून घेतला. जेवताना आता देशाच्या गोष्टी निघत नसत. गंमत म्हणजे आईच कधी कधी काढायची, त्यांनी बोलावं म्हणून. ते मान हलवून भात कालवत. मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "अण्णा, मग लोकांनी विश्वास ठेवायचा तरी कुणावर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला विचारू नकोस," म्हणाले. "मी ठेवला होता आणि लोकांना ठेवायला लावला होता. मला यातलं काही कळत नाही."

निवृत्त व्हायच्या आतच ते गेले. त्यांना कुठला मोठा आजार असा झाला नाही. जेवण कमी होत गेलं, बोलणं त्याआधीच थांबलं होतं. पुढे माझं लग्न होऊन मी ठाण्याला आले. काकी गाव सोडून मुलीच्या सासरी, मानपाड्याकडे राहायला गेल्या, एवढं मला कळलं. मी जाईन जाईन म्हणत होते. जाऊन काय बोलणार, ते ठरत नव्हतं. गेलेच नाही.